घराचा वापसा

आमच्या गगनबावडा तालुक्यात पाऊस मिरगाला पाहुण्यासारखा येतो आणि दसऱ्यापर्यंत घरजावई होऊन बसतो. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्या वाट्याला. एकदा झड लागली की आठ-आठ, दहा-दहा दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. या दिवसांत कमरेचा चामडी पट्टा खुंटीला अडकवून ठेवला, तर आठवड्यानं त्याच्यावर हिरवट लव चढलेली असते. वहाणा, छत्रीची मूठ, पापडाचा डबा, लग्नातला कोट, सगळ्यांना बुरा येतो. पुस्तकात त्याला बुरशी म्हणतात, आम्ही बुरा म्हणतो. बुरा आला की पुसायचा, उघडीप मिळाली की ऊन दाखवायचं आणि पुढच्या कामाला लागायचं, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

खरं तर बुरशी आणि शेतकरी यांची ओळख जुनी. मी १९७७ साली दहावी झालो आणि बैलांच्या मागं लागलो, तेव्हापासून बुरशीशीच भांडतोय. भाताचा करपा ही बुरशी, उसाचा तांबेरा ही बुरशी. मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण मी कित्येकदा केलंय. सगळीच बुरशी वाईट असते असंही नाही. ट्रायकोडर्मा नावाची बुरशी आम्ही पैसे देऊन आणतो, शेणखतात मिसळून रानात टाकतो, ती मुळं कुजवणाऱ्या बुरशीला मारते. पावसाळ्यात रानात उगवणारी अळंबी आवडीनं खातो, तीही त्याच कुळातली. म्हणजे बुरशीचं बी हवेत, मातीत सगळीकडं असतं, ते कुणाला टाळता येत नाही. त्याला ओल मिळाली, हवा कोंडली की ते उगवतं. एवढं सगळं मला रानात कळत होतं. पण तेच माझ्या घराच्या भिंतीवर उगवलं तेव्हा मला ते ओळखता आलं नाही, आणि मी भलत्याच माणसावर खापर फोडलं. ती गोष्ट सांगायची आहे.

आमचं जुनं घर आजोबांनी बांधलेलं. खाली दगडाचं जोतं, वर भेंड्याच्या दोन फुटी रुंद भिंती, वर कौलं. वळचण अडीच फूट बाहेर आलेली, त्यामुळं पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. पावसाच्या तोंडाची पश्चिमेची भिंत आजोबा मिरगाच्या आधी गवताच्या झडपांनी झाकायचे. चूल दिवसातून दोनदा तरी पेटायची. तिचा धूर माळ्यावरून फिरून कौलांच्या फटीतनं बाहेर जायचा. वासे काळेकुळकुळीत झालेले, पण त्यांना कधी कीड लागली नाही की बुरा चढला नाही. आई दर पंधरा दिवसांनी भिंती पोतारायची, जमीन सारवायची. लहान पोरांची बाळुती वाळवायला शेगडीत निखारे घालून वर डालगं उपडं टाकायची आणि त्याच्यावर बाळुती पसरायची. घराला धुराचा आणि शेणाचा वास होता, पण कुबट वास नव्हता.

आई गेली २०१५ साली. पुढं घरात गॅस आला. थोरल्या मुलाचं लग्न झालं, नातू झाला. मुलगा कोल्हापूरला कारखान्यात नोकरीला, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. त्याच्या आणि माझ्या मनानं घेतलं की घर नवीन करायचं. सगळं पाडून बांधायला पैसा नव्हता. मग २०१८ च्या उन्हाळ्यात आम्ही अर्धंमुर्धं काम काढलं. पुढचा सोपा कौलारू तसाच ठेवला. मागचं माजघर आणि स्वयंपाकघर यांच्या भिंतीवर पट्टा टाकून स्लॅब ओतला. भेंड्याच्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. आतून चकचकीत ऑइल पेंट मारला. जमिनीला फरशी घातली. बाहेर चिखल होतो म्हणून जोत्याला लागून कोबा केला. स्लॅबचा छज्जा जेमतेम फूटभर बाहेर काढला, कारण तेवढंच सळ्यांचं बजेट होतं. मागच्या बाजूला दोन झरोके होते. त्यातनं उंदीर येतात, पावसाचं सपकारं येतं म्हणून ते मीच विटांनी बुजवून घेतले. गवंडी म्हणाला, "असू द्या की एखादा." मी म्हणालो, "नको." ते काम मी उभा राहून करून घेतलं, हे मुद्दाम सांगतो.

घर झालं तसं गाव बघायला आलं. बायका भिंतीवरनं हात फिरवून म्हणाल्या, "आरशावाणी झालीया की." मला छाती फुगल्यासारखं झालं.

पहिल्या पावसाळ्यात नुसता वास आला. नव्या रंगाचा असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या वर्षी, २०१९ च्या आषाढात, माजघराच्या पश्चिमेच्या भिंतीवर खालच्या बाजूला रंगाला फोड आले. नखानं दाबलं की आतनं पाणी. स्वयंपाकघरात वरच्या कोपऱ्यांत काळे ठिपके उठले. आधी मोहरीएवढे, मग एकमेकांना लागून काळा पट्टाच झाला. कपाट भिंतीला चिकटून होतं, ते एक दिवस सरकवलं तर मागं हिरवट-काळा गालिचा पसरलेला. नातू त्या वेळी अडीच वर्षांचा. तो आणि सून त्याच कपाटापासनं चार हातांवर निजत होती. त्याला सारखी सर्दी, रात्री खोकला. आम्हाला वाटायचं, पावसाळा आहे, लेकराला व्हायचंच.

माझं डोकं फिरलं ते आईच्या फोटोमुळं. माजघरातल्या भिंतीवर तिचा फोटो होता. एका सकाळी हार बदलायला गेलो तर काचेच्या आतनं बुरा चढून आईचं अर्धं तोंड झाकलेलं. मी फोटो हातात घेऊन स्वयंपाकघरात गेलो आणि सुनेला बोललो. म्हणालो, "ह्या माउलीनं मातीचं घर चाळीस वर्षं सांभाळलं, कधी भिंतीला बुरा दिसला न्हाई. तुम्हाला गॅस हाय, नळ हाय, फरशी हाय, आणि घराला मात्र मसणातला वास येतोय. जरा हात चालवा की."

ती काही बोलली नाही. मान खाली घालून भाकरी थापत राहिली. आमची कारभारीण मला म्हणाली, "अवो, पोरगी रोज पुसतीया भिंत. तुमास्नी काय दिसतंय?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी मी रानातनं आलो तर घरात आरडाओरडा. माझं बोलणं तिला लागलं होतं. भिंत एकदाची स्वच्छ करायचीच म्हणून तिनं बादलीत ब्लीचिंग पावडर कालवली, आणि जोर यावा म्हणून त्यातच संडास धुवायचं ॲसिड ओतलं. दारं-खिडक्या पावसामुळं बंद. बादलीतनं जो काही वास उठला त्यानं तिचा जीव घुसमटला, डोळ्यांतनं पाणी, खोकून-खोकून उभं राहवेना. कारभारणीनं तिला ओढून सोप्यात आणलं. मी बादली परड्यात नेऊन पालथी केली, तेवढ्यात माझ्याही घशाला आग लागली. तासाभरानं तिला बरं वाटलं. पुढं डॉक्टरांनी सांगितलं, ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, माणूस मरूसुद्धा शकतो. नातू त्या वेळी शेजारी खेळायला गेला होता, हे आमचं नशीब.

त्या दिवशीच मला शहाणपण यायला पाहिजे होतं, पण नाही आलं.

मग ऑगस्ट उजाडला. २०१९ चा तो महापूर कोल्हापूर-सांगली कधी विसरणार नाही. आमचं गाव उंचावर, पुराचं भय नाही, पण कोल्हापूरचा रस्ता पाण्याखाली गेलेला. वीज नाही, मुलगा तिकडं अडकलेला. त्यात एका रात्री नातवाचा श्वास लागला. बरगड्या आत-बाहेर व्हायला लागल्या, छातीतनं शिट्टीसारखा आवाज. सुनेनं त्याला खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "मामा, काय तरी करा." शेजाऱ्याची जीप काढली आणि वरच्या अंगाला, तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टर होते. त्यांनी मशीननं औषधाची वाफ दिली. पहाटेपर्यंत पोराचा श्वास खाली बसला. मला दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या जागी रडू आलं.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "घरात ओल आहे का? भिंतीवर बुरशी?" मी म्हणालो, "हाय. पण पावसाळ्यात सगळीकडंच असती." ते म्हणाले, "काका, दम्याची कारणं बरीच असतात. धूळ, धूर, सर्दी, घराण्यातला दमा. पण ज्याची छाती नाजूक आहे, त्याला बुरशीच्या बारीक कणांनी त्रास वाढतो. तेवढं तरी घरातनं काढा. आणि कोरडा झाडू मारू नका, ते कण हवेत उडतात. तोंडाला फडकं बांधून ओल्या फडक्यानं पुसा."

पूर ओसरल्यावर मुलगा आला आणि सून लेकराला घेऊन माहेरी गेली. तिचं माहेर आटपाडीला. तिथं पाऊस म्हणजे नवलाई. महिनाभर फोन येत होते. लेकराला खोकला नाही, रात्रीची झोप लागतेय. मी फोन ठेवून माजघरात जायचो आणि त्या काळ्या भिंतीकडं बघत बसायचो.

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. तो एक दिवस आला, भिंतीवर बोट वाजवत फिरला. खालचा गिलावा पोकळ वाजत होता. मग त्यानं जाड प्लॅस्टिकचे दोन तुकडे कापले, वीतभर लांब-रुंद. एक माजघराच्या भिंतीला खाली, दुसरा स्वयंपाकघरात वर काळ्या कोपऱ्याजवळ, चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवला. म्हणाला, "आबा, दोन दिवस हात लावायचा न्हाई."

दोन दिवसांनी बघितलं. माजघरातल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, पाण्याचे थेंब साठलेले. स्वयंपाकघरातल्या तुकड्याला मात्र आतनं कोरडं आणि बाहेरनं, खोलीच्या बाजूला, घाम. तो म्हणाला, "ही दोन निराळी पाणी हायत. खालचं पाणी भिंतीतनं येतंय. वरचं हवेतनं येतंय."

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. दगडाचं जोतं आणि भेंड्याची भिंत जमिनीतनं पाणी ओढणारच, कंदिलाच्या वातीनं तेल ओढावं तसं. पूर्वी ते पाणी मातीच्या गिलाव्यातनं वाऱ्यावर उडून जायचं. मी आतून-बाहेरून सिमेंट आणि ऑइल पेंट लावून त्याची वाट बंद केली. ते आत कोंडलं आणि वर चढत राहिलं. त्यात छज्जा आखूड, पागोळ्या कोब्यावर पडून भिंतीवर उडायच्या, आणि कोब्याचा उतार घराकडंच होता. काही ठिकाणी भिंतीवर पांढरी भुकटी होती, तिला मी बुराच समजत होतो. तो लोणा होता, भिंतीतल्या पाण्याबरोबर वर आलेला क्षार. ओळखायची खूण सोपी, लोणा पाण्यात विरघळतो, बुरा विरघळत नाही. पण लोणा दिसला म्हणजे पाणी त्या वाटेनं येतंय हे नक्की.

वरचं पाणी आम्हीच तयार करत होतो. भात-आमटीची वाफ, आंघोळीच्या पाण्याची वाफ, दोरीवर घरातच वाळत घातलेले कपडे. गॅस जळतानासुद्धा वाफ तयार होते, हे मला माहीत नव्हतं. ही वाफ पूर्वी कौलांच्या फटीतनं निघून जायची. आता वर स्लॅब, झरोके बुजवलेले. थंड कोपऱ्यात ती पाणी होऊन बसायची आणि तिथल्या धुळीवर, रंगावर बुरा पोसायचा. सून रोज पुसत होती आणि तो रोज उगवत होता. तण उपटून वर पाणी सोडावं तसा तो प्रकार.

आम्ही शेतकरी वापसा बघतो. पाऊस थांबल्यावर रानात लगेच औत घालत नाही. माती मुठीत घेतो, गोळा होतो का, फुटतो का बघतो. मातीत ओलही पाहिजे आणि हवाही खेळली पाहिजे. पाणी साचून राहिलं की मुळं गुदमरतात, कुजतात. माझ्या घराला दोन वर्षं वापसाच आला नव्हता. आणि त्यात सगळ्यात नाजूक रोप कुठलं होतं, तर माझा नातू.

गौरी-गणपतीच्या आधी मी एसटीनं आटपाडीला गेलो. व्याह्यांनी चहा दिला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग मी सर्वांच्या देखतच सुनेला म्हणालो, "पोरी, घाण तुझ्या हातची नव्हती. पाणी मी कोंडलं होतं. मी बोललो ते चुकलं." तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "मामा, मला पहिल्यापास्नं वाटत होतं की ह्या भिंतीतच काय तरी हाय. पण सांगायचं कुणाला?" थोड्या वेळानं म्हणाली, "मी येते. पण माजघरात लेकराला निजवणार न्हाई." मी म्हणालो, "सोप्यात निजवा. मी गोठ्याकडं जातो."

तो पावसाळा आम्ही तात्पुरत्या गोष्टींवर काढला. कपाट भिंतीपासून वीतभर पुढं ओढलं. भिजकी गाठोडी, फुगलेली पुठ्ठ्याची खोकी, बुरा लागलेली उशी आणि गादी बाहेर काढून टाकली. कपडे गोठ्यापुढच्या पडवीत वाळत घातले. भाताला झाकण ठेवलं. एखादी वस्तू भिजली की दोन दिवसांच्या आत वाळलीच पाहिजे, हा नियम केला. भिंत साबणाच्या पाण्यानं, तोंडाला फडकं बांधून, दार उघडं ठेवून मी स्वतः पुसली. तेव्हा कळलं, सून रोज काय करत होती.

खरं काम दिवाळीनंतर काढलं. कोबा फोडला आणि घराभोवती बाहेर उतार देऊन चर काढला, त्यात खडी भरली. छज्जाला पुढं पत्रा जोडला आणि पन्हळ लावली. दोन्ही झरोके उघडून जाळी बसवली. चुलीच्या जागी, शेगडीच्या वर, भिंतीत वाफ ओढणारा पंखा बसवला. भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा आतून-बाहेरून कमरेएवढ्या उंचीपर्यंत सोलून काढला. आतली माती लोण्यासारखी मऊ झालेली. अजून चार-पाच पावसाळे गेले असते तर भिंत बसली असती, असं गवंडी म्हणाला. भिंत तशीच उघडी ठेवून तीन महिने वाळू दिली. मग शेजारच्या गावच्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. चुन्याचं काम येणारा आमच्याकडं तो एकटाच उरलाय. त्यानं कळीचा चुना भिजत घातला, वाळू कालवली आणि खालच्या भागाला चुन्याचा गिलावा केला. आता रंग म्हणून नुसती चुन्याची सफेदी. भिंत आरशासारखी दिसत नाही, बोट लावलं तर पांढरं होतं. नव्या घराचे जेवढे पैसे वाचवले असं वाटलं होतं, त्यातले बरेच इथं गेले.

बुरा पूर्ण गेला का? नाही. आमच्या तालुक्यात तो जाणार नाही. झडीच्या दिवसांत बाहेरची हवाच पाण्यानं भरलेली असते, तेव्हा खिडकी उघडून काही वाळत नाही. पण उघडीप मिळाली की दोन्हीकडची दारं उघडून वारं आरपार जाऊ देतो. एखादा ठिपका दिसला तर वाढायच्या आधी पुसतो, आणि पाणी कुठनं आलं ते आधी शोधतो. रंग मारून झाकत नाही. नातू आता शाळेत जातो. त्याचा दमा अगदी गेलेला नाही. औषधाचा पंप देव्हाऱ्याशेजारी ठेवलेला असतो आणि डॉक्टरांकडं फेऱ्या आहेत. पण तसली रात्र पुन्हा आली नाही.

लोक म्हणतात, जुनं तेच बरं होतं. मी तसं म्हणत नाही. ज्या धुरानं वासे टिकले, त्याच धुरात माझी आई चाळीस वर्षं खोकली आणि डोळे चोळत राहिली. गॅस आला हे चांगलंच झालं. पण चूल काढताना तिच्याबरोबर ऊब आणि हवेची वाट पण जाते, ती दुसरीकडनं द्यावी लागते, एवढं मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आईचा फोटो कोल्हापूरला नेऊन नवा करून घेतला. आता तो भिंतीला टेकवून नाही लावला, मागं चिव्याच्या दोन कामट्या ठोकून बोटभर पुढं लावलाय, मागनं वारं जावं म्हणून. ती युक्ती सुनेची. दर मिरगाच्या आधी ती आणि मी घराभोवती एक फेरी मारतो. पन्हळीतला पालापाचोळा काढायचा, चर मोकळा करायचा, भिंतीला हात लावून बघायचं. तिनं बोट दाखवलं की मी कुदळ मारतो. यंदा ती म्हणाली, "मामा, हिथं अजून गार लागतंय." मी हात लावला. मला काही कळलं नाही. तरी तिथला चर वीतभर खोल केला.